मुष्टी आणि फासे

कावेरीच्या काठचे कुंभकोणम महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर असले, तरी मराठी माणसाला ते सर्वस्वी परके नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी राजांनी तंजावरची गादी मिळविली आणि १८५५ पर्यंत ती भोसले घराण्याकडे राहिली. त्या काळात कारकुनीसाठी, शास्त्राध्ययनासाठी, कीर्तनासाठी जी मराठी कुटुंबे दक्षिणेत गेली, त्यांतील कित्येक या देवळांच्या नगरीत स्थिरावली. अशाच एका देशस्थ घराण्यात १८२८ साली माधवरावांचा जन्म झाला. पुढे सर टी. माधवराव या नावाने त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचा कारभार पाहिलेला हाच तो मुत्सद्दी. मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर, १८७५ साली, बडोद्याची विस्कटलेली घडी बसविण्यासाठी त्यांना पाचारण करण्यात आले.

कुंभकोणमचा हा विद्वान दिवाण ज्या राजधानीत येऊन पोहोचला, तिची त्या काळी एका वेगळ्याच गोष्टीसाठी ख्याती होती. तेथे मैदाने बांधून हत्तींच्या झुंजी लावीत. साठमारी हा मराठीतला शब्द आज राजकारणाच्या वर्णनात वापरला जातो. त्याचे मूळ बडोदे आणि कोल्हापूर येथील या रिंगणांत आहे. परंतु हत्तींच्या झुंजीहूनही भयंकर असा एक खेळ खंडेराव गायकवाडांच्या दरबारी होत असे. खंडेरावांची कारकीर्द १८५६ ते १८७० अशी. लुई रूस्ले हा फ्रेंच प्रवासी त्या काळात हिंदुस्थानात हिंडत होता आणि त्याने हा खेळ डोळ्यांनी पाहून लिहून ठेवला आहे. मल्लांच्या मुठीवर वाघनखांसारखी शिंगाची नखे बांधलेली, अंगात भांग आणि अफूची नशा, आणि एकमेकांच्या मस्तकावर, छातीवर, बरगड्यांवर प्रहार. रक्ताने मैदान भिजे. यात कधी कधी मल्ल मरतही असत. रूस्लेने आणखी एक गोष्ट टिपली आहे. खेळ रंगात आला, म्हणजे स्वतः महाराज इतके बेभान होत, की मल्लांच्या हालचालींचे अनुकरण केल्यावाचून त्यांना राहवत नसे.

मुष्टियुद्धाच्या नीतीविषयी जे काही बोलावयाचे, ते या दृश्यापासून सुरू करणे सोयीचे आहे. या रिंगणात दोघे मल्ल आहेत आणि तिसरा एक माणूस आहे. मल्लांना मार बसतो. तिसऱ्या माणसाला मार बसत नाही, मात्र खेळाचा आनंद सर्वांत अधिक त्याला होतो आणि खेळ थांबविण्याचा अधिकारही त्याच्याच हाती असतो. पाप कोणाचे, असा प्रश्न आला तर मल्लांकडे बोट दाखविणे फारच सोपे आहे.

याच बाहुयुद्धाच्या परंपरेचे दुसरे रूप म्हैसूरला पाहावयास मिळते. तेथे विजयादशमीच्या दिवशी राजवाड्याच्या प्रांगणात जेट्टी कुळांतील मल्ल वज्रमुष्टीचे युद्ध खेळतात. हातात धातूची किंवा शिंगाची मूठ असते आणि प्रहार मस्तकावरच करावयाचा असतो. परंतु कोणाही एकाच्या मस्तकातून रक्ताचा पहिला थेंब आला, की युद्ध संपले. बडोदे आणि म्हैसूर येथील हत्यार जवळजवळ एकच होते. अंतर पडले ते थांबण्याच्या जागेत.

प्राचीन धर्मशास्त्रकारांनी या विषयाकडे ज्या बाजूने पाहिले, ती आजच्या वाचकाला नवल वाटण्याजोगी आहे. त्यांनी जुगाराचे दोन वर्ग केले. फासे, कवड्या यांसारख्या निर्जीव वस्तूंवर खेळला जातो तो द्यूत, आणि सजीव प्राण्यांवर पैज लावली जाते तो समाह्वय. याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरांनी समाह्वयाची उदाहरणे देताना मेंढे आणि रेडे यांच्या पंगतीला मल्लही बसविले आहेत. म्हणजे पैज लावणाऱ्याच्या दृष्टीने मल्ल हा माणूस उरत नाही. तोही एक फासा होतो, फक्त चालता-बोलता. मनूने राजाला या दोन्ही गोष्टी समूळ काढून टाकण्यास सांगितले. याज्ञवल्क्याने मात्र राजाच्या देखरेखीखाली त्यांना वाव दिला, आणि त्याचे कारणही मोठे व्यवहारी सांगितले: चोर कोण ते जुगाराच्या जागी ओळखता येते. कौटिल्य तर त्याहूनही पुढे गेला. त्याने द्यूताध्यक्ष नेमला, खेळाची जागा एकच ठरवून दिली आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच असा राजाचा भाग ठेवला. जुगार बंद करावा की त्यावर कर घ्यावा, हा आजच्या मंत्रिमंडळांना पडलेला पेच दोन हजार वर्षांहून अलीकडचा नाही.

महाभारतकारांनी हे दोन्ही व्यवसाय एकाच छताखाली आणून ठेवले आहेत. अज्ञातवासात विराटाच्या घरी युधिष्ठिर कंक या नावाने राजाचा द्यूतातील सोबती झाला आणि भीम बल्लव या नावाने स्वयंपाकी व मल्ल झाला. उत्सवात जीमूत नावाचा मल्ल कोणालाच आटपेना, तेव्हा विराटाने बल्लवाला पुढे केले. बल्लवाने त्याला ठार केले आणि राजाने संतोषाने द्रव्य उधळले. पुढे याच राजाने रागाच्या भरात हातातले फासे कंकाच्या तोंडावर फेकून मारले. त्याच्या नाकातून रक्त आले आणि सैरंध्रीने ते सुवर्णपात्रात झेलले. आखाड्यातच रक्त सांडते आणि द्यूताच्या पटावर नुसतेच द्रव्य हरवते, हा समज किती वरवरचा आहे, ते या एका प्रसंगावरून कळावे.

आता आधुनिक मुष्टियुद्धाकडे वळू. आपल्याकडची कुस्ती आणि पाश्चात्त्यांचे मुष्टियुद्ध यांत एक मूलभूत भेद आहे आणि तो लपविण्यात अर्थ नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेल्या खासबागेच्या मैदानात लाल मातीवर जी लढत होते, तिचा हेतू प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावावी, एवढाच असतो. चीतपट झालेला पैलवान उठतो, माती झटकतो आणि घरी जातो. दुखापत झाली तर तो अपघात. मुष्टियुद्धात प्रतिस्पर्ध्याला बेशुद्ध पाडणे हा विजयाचा सर्वोच्च प्रकार मानला जातो, आणि बेशुद्धी याचा वैद्यकीय अर्थ मेंदूला बसलेला धक्का. येथे इजा ही अपघाताने होत नाही. ती खेळाच्या हेतूतच आहे. १९२८ साली हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टराने, वर्षानुवर्षे ठोसे खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांची चाल अडखळते, वाचा जड होते आणि बुद्धी मंद होत जाते, हे वैद्यकीय नियतकालिकात मांडले. तोवर आखाड्यांच्या आसपास सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट तेव्हा शास्त्राच्या दप्तरात नोंदली गेली.

नियम झाले नाहीत असे नाही. इंग्लंडमध्ये जॅक ब्रॉटन याने १७४३ साली पहिली नियमावली केली आणि पडलेल्या माणसाला मारू नये असे ठरविले. १८६७ साली क्वीन्सबरीचे नियम आले. त्यांनी हातमोजे आणले, तीन मिनिटांची फेरी आणली आणि दहा आकडे मोजण्याची पद्धत आणली. पैकी हातमोज्यांविषयीचा भाबडेपणा सोडून दिलेला बरा. ते ठोसा खाणाऱ्याच्या मेंदूपेक्षा ठोसा मारणाऱ्याच्या बोटांचे रक्षण अधिक करतात. उघड्या मुठीने कवटीवर जोरात मारले तर मारणाऱ्याचा हात मोडतो, म्हणून पूर्वी डोक्यावरचे प्रहार जपून होत. मोजे आल्यावर ती भीती गेली. खरी सुधारणा झाली ती दुसरीकडेच. घंटा आली, मोजणारा पंच आला, कोपऱ्यात उभा राहून टॉवेल फेकू शकणारा शिक्षक आला आणि कालांतराने लढत थांबविण्याचा अधिकार असलेला डॉक्टरही आला. म्हणजे रिंगणातल्या त्या तिसऱ्या माणसाला एक नवे कर्तव्य मिळाले. मल्ल स्वतः थांबू इच्छित नसला, तरी त्याला थांबविणे हे त्याचे काम झाले. स्वाभिमानी योद्धा आपण होऊन शरण जात नाही. त्याच्या वतीने शरण जाणारा कोणीतरी असावा लागतो.

हे कर्तव्य पार पडले नाही, की काय होते ते १९६२ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील लक्षावधी लोकांनी आपापल्या घरी दूरचित्रवाणीवर पाहिले. एमिल ग्रिफिथने बेनी पॅरेटला बाराव्या फेरीत कोपऱ्यात गाठले. दोरांत अडकलेला पॅरेट खालीही पडू शकत नव्हता. पंचाने लढत थांबविली, परंतु उशिरा. दहा दिवसांनी पॅरेट मरण पावला. १९८२ च्या नोव्हेंबरात किम दूक-कू हा कोरियन तरुण रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळला आणि थोड्याच दिवसांत गेला. त्याच्या मागोमाग काही महिन्यांत त्याच्या आईने आणि त्या लढतीच्या पंचानेही आपले जीवन संपविले. त्यानंतर जागतिक विजेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांऐवजी बारा फेऱ्यांच्या होऊ लागल्या. पुढच्याच वर्षी जागतिक वैद्यक संघटनेने मुष्टियुद्धावर बंदी घालावी अशी शिफारस केली. स्वीडनने १९७० साली आणि नॉर्वेने १९८१ साली व्यावसायिक मुष्टियुद्ध बंद केले होते. दोघांनीही ती बंदी पुढे, एकविसाव्या शतकात, सैल केली.

किमची ती शेवटची लढत कोठे झाली, हे सांगणे येथे अवश्य आहे. ती झाली लास व्हेगासमधील सीझर्स पॅलेस या कॅसिनोच्या आवारात. जुगाराच्या पेढीने मुष्टियुद्धाचा सामना का भरवावा? याचे उत्तर व्यापाराच्या दृष्टीने सरळ आहे. मोठी लढत पाहण्यासाठी जे धनिक येतात, ते लढत संपल्यावर तेथेच मुक्काम करतात आणि रात्रभर टेबलांवर खेळतात. तिकिटांवर नफा झाला नाही तरी पेढीला चिंता नसते. लढत ही गिऱ्हाईक आणण्याची युक्ती झाली. विराटाच्या वाड्यात जे होते, तेच पुन्हा एका छताखाली आले: मल्ल एका दालनात आणि फासे दुसऱ्या. समाह्वय आणि द्यूत यांना एका सूत्रात बांधणाऱ्या स्मृतिकारांना यात काहीच नवीन वाटले नसते.

मुष्टियुद्धाच्या बाजूने जे बोलले जाते, ते पोकळ नाही. मद्रास शहराच्या उत्तर भागात, रॉयपुरम आणि कासीमेडूकडच्या कोळी आणि गोदीकामगारांच्या वस्त्यांत, मुष्टियुद्धाच्या परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. तमिळमध्ये त्यांना परंबरै म्हणतात, आणि सारपट्टा परंबरै हे नाव तर २०२१ साली निघालेल्या चित्रपटामुळे देशभर पोहोचले. ज्यांना समाजाने कोठेच मान दिला नाही, त्यांना चार दोरांच्या त्या चौकोनात नाव मिळाले. १९८० साली मुहम्मद अली मद्रासला आला आणि जिमी एलिसबरोबर प्रदर्शनीय लढत खेळला, तेव्हा जमलेल्या गर्दीत या वस्त्यांचे मन होते. मणिपूरमधील शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबातील मेरी कोम याच खेळाने जगज्जेती झाली. गरिबीतून वर येण्याचा रस्ता म्हणून मुष्टियुद्धाची स्तुती करताना गरिबाला दुसरे रस्ते का नव्हते, हा प्रश्न विचारावयाचा राहून जातो, हे खरे. तरीही जो रस्ता होता त्यावर माणूस आपल्या बळावर, आपल्या अभ्यासाने, आपल्या संयमाने चालला. त्याने जे पणाला लावले ते त्याचे स्वतःचे शरीर होते.

जुगाराच्या धंद्याशी तुलना करावयाची तर ती येथून. मुष्टियोद्धा स्वतःपलीकडे कोणाला पणाला लावू शकत नाही. जुगारी लावू शकतो. युधिष्ठिराने राज्य लावले, भाऊ लावले, स्वतःला लावले आणि मग द्रौपदीला लावले. आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता काय, असे तिने सभेला विचारले, आणि भीष्मांसारख्यालाही त्याचे सरळ उत्तर देता आले नाही. आजच्या जुगाऱ्याच्या घरी द्रौपदीच्या जागी मंगळसूत्र असते, मुलाच्या शिक्षणाची ठेव असते, शेजाऱ्याकडून आणलेले उसने असते. ज्यांनी पट पाहिलाही नाही त्यांचा तोटा होतो. मुष्टियोद्ध्याच्या मंदावलेल्या बुद्धीचा भारही अखेर घरच्यांवरच पडतो, एवढी सवलत या तुलनेत प्रतिपक्षाला दिली पाहिजे.

त्या सभेतील आणखी एका बारकाव्याकडे सहसा लक्ष जात नाही. पण दुर्योधनाचा होता आणि फासे टाकीत होता शकुनी. एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळावे हे युधिष्ठिराला खटकले होते आणि त्याने तसे बोलूनही दाखविले होते. धंदेवाईक जुगाराचे सारे बीज या एका आक्षेपात आहे. दिवाळीच्या रात्री चार मित्र पत्ते खेळतात, तेव्हा एकाचा तोटा दुसऱ्याचा नफा असतो आणि चौघेही सारख्याच जोखमीत असतात. पेढीवर तसे नसते. युरोपातल्या रुलेटच्या चक्राला ३७ घरे असतात. कोणी प्रत्येक घरावर एक-एक रुपया ठेवला, तर ३७ रुपये जातात आणि चक्र कोठेही थांबले तरी परत ३६ मिळतात. एक रुपया पेढीचा. तो कधी चुकत नाही. चक्राने पेढीच्या विरुद्ध कौल दिला असे एका फेरीत होईल, शंभर फेऱ्यांत कदाचित होईल, लाखो फेऱ्यांत होत नाही. श्रीनिवास रामानुजन याने ज्या कुंभकोणमात गणिताच्या वह्या भरल्या, तेथील शाळकरी पोरालाही समजेल असे हे गणित आहे. मुष्टियुद्धात दोघांनाही मार बसू शकतो. पेढीला मार बसत नाही.

मराठी जुगारअड्ड्यांवर या हिश्शाला एक जुने नाव आहे: नाल. डाव कोणीही जिंको, अड्ड्याच्या मालकाने काढून घ्यावयाचा भाग म्हणजे नाल. कायद्याने पकडले तेही याच टोकाला. ज्या १८६७ साली इंग्लंडात क्वीन्सबरीचे नियम झाले, त्याच साली हिंदुस्थान सरकारने सार्वजनिक जुगाराचा कायदा केला, हा योगायोग लक्षणीय आहे. त्या कायद्याने जुगारगृह कशाला म्हणावयाचे हे ठरविताना, जेथे जागेचा किंवा साधनांचा मालक खेळातून लाभ घेतो, ते जुगारगृह, अशी कसोटी धरली. शंभर वर्षांनी, १९६७ साली, सर्वोच्च न्यायालयापुढे आंध्रातील एका क्लबातील रमीचे प्रकरण आले. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे न्यायालयाने म्हटले. परंतु चालक त्या खेळातून नफा काढीत असतील तर गुन्हा होऊ शकतो, हेही सांगून ठेवले. पुढे या निवाड्याचे पहिले अर्धे वाक्य सर्वांच्या तोंडी राहिले आणि दुसरे विसरले गेले. १९९६ साली मद्रासच्या घोड्यांच्या शर्यतींनाही न्यायालयाने कौशल्याचा खेळ ठरविले.

कौशल्य की दैव, ही न्यायालयांची कसोटी आहे आणि कायद्याच्या कामापुरती ती चालतही असेल. नीतीच्या कामाला ती पुरी पडत नाही. मुष्टियुद्ध आरंभापासून अंतापर्यंत कौशल्याचेच आहे आणि तरी त्यात माणसे मेली. सोडतीच्या तिकिटात कौशल्य औषधालाही नाही आणि तरी वर्षातून एकदा घेतलेल्या तिकिटाने कोणाचे घर बुडत नाही. विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे. हरत चाललेल्या माणसाला थांबविणारा तेथे कोणी आहे काय, आणि त्याने थांबण्यात कोणाचे हित आहे? रिंगणात पंच आहे, घंटा आहे, टॉवेल आहे. त्यांचा उपयोग नेहमी वेळेवर होतो असे नाही, परंतु लढत थांबली तर त्यांचे काही बुडत नाही, निदान बुडू नये. जुगाराच्या पेढीत जो तिसरा माणूस बसला आहे, त्याचा नफाच मुळी खेळ चालू राहण्यात आहे. तो दहा आकडे मोजणार नाही. उलट पडलेल्याला उठविण्यासाठी तो उसने देईल.

याच कारणाने मुष्टियुद्धाचे खरे अधःपतन रक्तात शोधण्यापेक्षा गुणपत्रिकेत शोधावे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अंतिम लढतीत रॉय जोन्सने यजमान देशाच्या खेळाडूवर स्पष्ट वर्चस्व गाजविले आणि पंचांनी निर्णय त्याच्या विरुद्ध दिला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधील लढतींच्या निकालांत हस्तक्षेप झाल्याचा निष्कर्ष पुढे चौकशीत निघाला आणि २०२३ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्या खेळाच्या जागतिक संघटनेची मान्यता काढून घेतली. पंच विकला गेला, की तिसरा माणूस पुन्हा साठमारीच्या सज्जात जाऊन बसतो.

मुंबई राज्याने हा प्रश्न एका अनपेक्षित वाटेने न्यायालयात नेला. बंगळूरहून चालविल्या जाणाऱ्या शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धा वर्तमानपत्रातून मुंबई राज्यात येत आणि प्रवेशफीच्या रूपाने येथील पैसा बाहेर जाई. राज्याने त्यांवर कर बसविला; चालकांनी व्यापारस्वातंत्र्याचा दावा केला. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की जुगार हा व्यापारच नव्हे, त्यामुळे व्यापाराला मिळणारे घटनेचे संरक्षण त्याला नाही. या निवाड्यात ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या विलापाची आणि महाभारताची आठवण काढलेली आहे. इतके ठाम शब्द उच्चारले गेल्यावर दहा-बारा वर्षांतच सरकारे स्वतः सोडतीची तिकिटे विकू लागली. केरळने १९६७ साली आरंभ केला, तमिळनाडूने १९६८ साली, महाराष्ट्राने १९६९ साली. याच सुमारास गिरणगावात मटक्याने मूळ धरले. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर लागणारे आकडे बंद पडले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढून खेळ चालू ठेवण्यात आला. सरकारी सोडत पांढऱ्या कागदावर होती आणि मटका चोरून होता, एवढाच फरक गिरणी कामगाराच्या पत्नीला दिसत असावा.

तमिळनाडूची सोडत अण्णादुरै यांच्या सरकारने काढली. लागली तर घराला, न लागली तर देशाला, अशा अर्थाची घोषणा तिच्यामागे होती. हेतू शुद्ध होता, यात शंका घेण्याचे कारण नाही. परंतु कुंभकोणमच्या विड्याच्या पानांच्या मळ्यात राबणारा मजूर, पितळेचे दिवे ओतणारा कारागीर आणि रेशमी लुगडी विणणारा विणकर यांच्या खिशातून देशाला हा कर ऐच्छिक म्हणून मिळत होता आणि तो देणाऱ्यांत श्रीमंत फारसे नव्हते. दिवसाची मजुरी दिवसा तिकिटांत जाऊ लागली, तेव्हा २००३ साली जयललिता यांच्या सरकारने राज्यात सर्वच सोडतींच्या विक्रीवर बंदी घातली. केरळात सोडत आजही चालू आहे. तिच्या उत्पन्नातून गरीब रुग्णांच्या उपचारांसाठी कारुण्य निधी उभा राहिला, आणि त्या निधीने प्राण वाचलेल्या माणसापुढे सोडतीविरुद्ध व्याख्यान देणे सोपे नाही. मात्र तो निधी ज्यांच्या तिकिटांतून जमला, तेही बहुतेक त्याच रुग्णांचे शेजारी.

तिकिटाचे दुकान गेले आणि त्याची जागा खिशातल्या दूरध्वनीने घेतली. तेथे दुकान बंद होण्याची वेळ नाही, उधारी देणाऱ्याचा चेहरा नाही आणि पराभव पाहणारे कोणी नाही. रमीच्या नादाने कर्जात बुडालेल्यांच्या आत्महत्यांचा दाखला देत तमिळनाडूने बंदी आणली. मद्रास उच्च न्यायालयाने ती २०२१ साली रद्द केली. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रू यांच्या समितीच्या अहवालानंतर २०२२ साली विधानसभेने नवा कायदा केला. राज्यपालांनी तो परत पाठविला, विधानसभेने तो पुन्हा संमत केला आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याला मंजुरी मिळाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात न्यायालयाने कायदा मुख्यतः टिकविला, परंतु रमी आणि पोकर त्यातून वगळले. कारण तेच: कौशल्य.

तेव्हा राज्याने दुसरी वाट धरली. २०२५ च्या फेब्रुवारीत केलेल्या नियमांनी मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत पैशाचे खेळ बंद ठेवण्याचे ठरविले, अठरा वर्षांखालील मुलांना मनाई केली आणि दीर्घकाळ खेळणाऱ्याला ठराविक वेळाने इशारा द्यावा असे सांगितले. कंपन्यांनी याविरुद्धही दाद मागितली आणि जूनमध्ये उच्च न्यायालयाने नियम उचलून धरले. क्वीन्सबरीच्या तीन मिनिटांच्या घंटेचे हे जणू दूरचे भावंड होते. खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, थांबविणारा कोणीतरी हवा, एवढेच त्यात गृहीत धरले होते. ही घंटा किती उपयोगी पडते हे अजमावण्यास पुरेसा अवधी मिळण्यापूर्वीच, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने देशभरातील पैशाचे सर्व ऑनलाइन खेळ कौशल्य-दैवाचा भेद न करता निषिद्ध ठरविणारा कायदा संमत केला. त्यालाही न्यायालयात आव्हान दिले गेले.

कुंभकोणमच्या माधवरावांना बडोद्यात अशीच तडजोड पाहावी लागली होती. त्यांनी तिजोरी सावरली, न्यायखाते आणि शिक्षण मार्गी लावले. परंतु कारभार हाती घेतला त्याच वर्षी, १८७५ च्या नोव्हेंबरात, प्रिन्स ऑफ वेल्स बडोद्यास आला, तेव्हा पाहुण्याच्या मनोरंजनासाठी हत्तींच्या झुंजी भरविण्यात आल्याच. पाहुणा मोठा असला म्हणजे दिवाणाचा विवेकही थोडा बाजूला उभा राहतो. मुंबई राज्याच्या वारसांनी मात्र अलीकडे एक दार बंद केले आहे. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोला परवानगी देणारा कायदा केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्दच झाला. शेजारच्या गोव्याने त्याच १९७६ च्या आपल्या जुगारबंदीच्या कायद्यात पुढे दुरुस्त्या करून प्रथम पंचतारांकित हॉटेलांना आणि मग जलनौकांना सवलत दिली. मांडवीच्या पात्रात त्या नौकांचे दिवे रात्रभर जळत असतात, आणि २०२० पासून खुद्द गोव्याच्या रहिवाशाला मात्र तेथे खेळावयास जाण्याची मनाई आहे.